तिसरा रकाना

माझ्या वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात वाक्य. दुसऱ्यात ते कुणाचं, कुठे वाचलं किंवा कुठे ऐकलं. तिसऱ्या रकान्याच्या माथ्यावर मी अकरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, ‘कधी उपयोगी पडलं?’ त्याखाली फक्त तारखा घालायच्या, असं ठरवलं होतं.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी मोजदाद केली. वाक्यं ४१२ भरली. ज्यांच्यापुढे तारीख होती, अशी ३७.

बराच वेळ मी वही मांडीवर घेऊन तशीच बसले. ही ४१२ वाक्यं काही मी येता-जाता उचललेली नव्हती. त्यातल्या प्रत्येकानं त्या त्या दिवशी माझा हात धरला होता. एका वाक्यापाशी मी पुस्तक मिटून अर्धा तास खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या. एका व्याख्यानानंतर दोन थांबे आधीच उतरून चालत घरी आले होते, कारण ऐकलेलं डोक्यात घोळवायला वेळ हवा होता. तरीही त्यातली ३७५ वाक्यं माझ्या जगण्यात कुठेच उतरली नव्हती. त्या दिवशी उभारी वाटली, दुसऱ्या दिवशी थोडी कमी, आठवड्यानं वाक्य वहीत आणि मी होते तिथेच.

तेव्हापासून मी त्या ३७ वाक्यांचा माग काढते आहे. हीच का टिकली, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. आजवर जे हाती लागलं, ते इथे लिहिते.

आधी थोडं माझ्या कामाविषयी सांगायला हवं. मी मुद्रितशोधक आहे. २८ वर्षं प्रुफं वाचते आहे. आमच्या कामात अर्थात रमून चालत नाही. वाक्य आवडलं की डोळा पुढे धावतो आणि मन चुकलेलं अक्षरही बरोबर करून वाचतं. ‘परिस्थिती’तली शेवटची वेलांटी ऱ्हस्व पडली आहे, हे दिसतच नाही. म्हणून आम्ही अक्षर अक्षर वाचतो. मजकूर अवघड असला तर एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं प्रूफ धरून बसायचं. थोरामोठ्यांची चरित्रं, भाषणं, पत्रं, चिंतनं माझ्या पेन्सिलीखालून गेली आणि मी त्यातले काने, मात्रा, स्वल्पविराम बघत राहिले. तरीही एखादं वाक्य असं यायचं की पेन्सिल थांबायची. ते वाक्य घरी येऊन उतरवून ठेवण्यासाठी ही वही केली.

दुसऱ्या रकान्याची शिस्त मला एका चुकीनं लावली. ‘जगात जो बदल पाहायचा आहे, तो आधी स्वतः व्हा’ हे वाक्य गांधीजींच्या नावानं एका पुस्तकात आलं होतं. मी त्यातलं शुद्धलेखन तपासलं आणि पुढे सोडलं. पुस्तक छापून झाल्यावर एका वाचकाचं पत्र आलं. हे गांधीजींनी कुठे लिहिलं आहे, एवढंच विचारलं होतं. मी शोधायला बसले. या शब्दांत ते वाक्य त्यांच्या लेखनात सापडत नाही. सापडतं ते १९१३ सालचं, आरोग्यावरच्या त्यांच्या लेखमालेत, तेही सर्पदंशाविषयी लिहिताना. तिथे त्यांचं म्हणणं असं आहे की आपण स्वतः बदललो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. माणूस आपला स्वभाव बदलतो तसा जगाचा त्याच्याकडे पाहण्याचा भावही बदलतो. दुसरे काय करतात याची वाट पाहत थांबायचं कारण नाही.

मला या मूळ म्हणण्यातलं शेवटचं टोक फार मोलाचं वाटतं. वाट पाहत थांबायचं कारण नाही. सुटसुटीत केलेल्या वाक्यातून नेमकं तेच गळून गेलं आहे. शिवाय सापासारख्या जीवघेण्या भीतीविषयी बोलता बोलता एखादा माणूस इथवर येतो, ही गोष्टही त्या विचाराचाच भाग आहे. तेव्हापासून दुसरा रकाना भरल्याशिवाय मी पहिला भरत नाही. फोनवर रोज सकाळी कुणी ना कुणी चांगलं वाक्य पाठवतं. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते, मला ती पोहोचते. पण खाली नाव कुणाचंही असतं. तसं वाक्य वहीत घेण्याआधी मी ते शोधते. बऱ्याचदा शोधताना मूळ पुस्तकच हाती लागतं आणि वाक्याच्या जागी अख्खं प्रकरण वाचून होतं. शोधण्याचा हा फायदा मला फार उशिरा कळला.

आता मुख्य गोष्ट. ती बाबांची आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. पण शब्द ओठांवर येईना. वैद्यकात याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणत होते. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्यानं ज्या रुग्णावरून मेंदूतल्या वाणीच्या जागेचा शोध लावला, त्या रुग्णाला ‘टॅन’ एवढा एकच उच्चार करता येत असे. रुग्णालयातले लोकही त्याला त्याच नावानं हाक मारायचे. बाबांचा उच्चार ‘दे’ होता. पाणी हवं तरी ‘दे’, दिवा मालव तरी ‘दे’, मी घरी जाऊन झोपावं असं वाटलं तरी ‘दे’. बाबांनी सारा जन्म यंत्रांच्या भागांचे आराखडे काढले. पूर्वीही ते मोजकंच बोलायचे, पण बोलायचे ते रेघ मारल्यासारखं नेमकं. त्यांच्या तोंडून एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकणं मला सोसवत नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी वाचोपचार करणाऱ्या ताई आल्या. तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी मला विचारलं, “यांना काही पाठ आहे का? गाणं, अभंग, पाढे, काहीही चालेल.” मला पटकन सुचेना. बाबांना भजनाची आवड अशी नव्हती. पण लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून काही अभंग पाठ करून घेतले होते, हे मला माहीत होतं. मी बिचकत सुरुवात केली, “बोले तैसा चाले…” आणि थांबले.

बाबा म्हणाले, “त्याचीं वंदीन पाउलें.”

स्पष्ट. अडखळणं नाही. खोलीत कुणी हललं नाही. आणि ते पुढे गेले, “अंगें झाडीन अंगण, त्याचें दासत्व करीन.” मग आवाज थकला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आपण काय केलं ते त्यांनाही कळत नव्हतं. मी त्यांचा डावा हात धरून रडत होते.

ताईंनी नंतर समजावून सांगितलं. आपण विचार करून नवं वाक्य जुळवतो तेव्हा एक यंत्रणा लागते. पाठ झालेलं, सवयीनं ओठांवर बसलेलं बोलणं बहुधा दुसऱ्या वाटेनं येतं. म्हणून वाचा गेलेली कित्येक माणसं वार ओळीनं म्हणू शकतात, आकडे म्हणू शकतात, गाऊ शकतात. एकोणिसाव्या शतकात जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश मेंदूतज्ज्ञानं हे नोंदवून ठेवलं होतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सुरावर बोलणं बसवण्याची एक उपचारपद्धती मांडली, तिचा पायाही हाच. बाबांची गाडी त्या दिवसानंतर भराभर सुधारली असं नाही. पण त्यांच्या आत शब्द शाबूत आहेत, हे आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं.

त्या रात्री माझ्या मनात एक लहानशी गोष्ट टोचत होती. बाबा ‘वंदीन’ म्हणाले. आपण सगळे ‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले’ म्हणतो. २८ वर्षांची सवय, चूक दिसली की पेन्सिल उचलायची. मी गाथा काढली. तुकोबांचा शब्द ‘वंदीन’च आहे. त्याचीं वंदीन पाउलें. अंगण झाडीन. दासत्व करीन. किंकर होईन. हात जोडून उभा ठाकेन. अख्ख्या अभंगात कुणाला सांगणं नाहीच. तुकोबा स्वतः काय करतील, तेवढंच ते बोलतात. लोकांच्या तोंडी रुळता रुळता ‘वंदीन’चं ‘वंदावी’ झालं आणि एका माणसाचा पण सगळ्यांसाठीचा उपदेश होऊन बसला.

व्याकरणात ‘वंदावी’ विध्यर्थी. सगळ्यांना लागू, त्यामुळे कुणालाच बांधून घेत नाही. ‘वंदीन’ म्हणणाऱ्याची मात्र त्या शब्दाखाली सही आहे.

पुढे मोजदाद झाल्यावर हे आठवलं, तेव्हा मी वही पुन्हा उघडली आणि केवळ क्रियापदं वाचत गेले. वाक्यांचा अर्थ बाजूला ठेवून नुसती शेवटची अक्षरं बघणं मला जमतं, तो माझा धंदाच आहे. तारीख नसलेल्या ३७५ वाक्यांत बहुतेक जागी ‘करावे’, ‘असावे’, ‘व्हा’, ‘राहा’, ‘नका’. ३७ वाक्यांतही अशी होती, पण त्यांची गोष्ट वेगळी होती. ती प्रत्यक्ष वापरताना मी ती स्वतःशी ‘ईन’ लावूनच बोलले होते. आणखी एक गोष्ट दिसली. ३७ पैकी २९ वाक्यं मी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली होती आणि केवळ आठ पुस्तकातली. वहीत पुस्तकातली वाक्यं तीनशेच्या वर आहेत. म्हणजे पुस्तकं कमी पडली का? माझ्या मते नाही. ती आठही वाक्यं मी कधी ना कधी मोठ्यानं वाचलेली होती, बहुतेक छापखान्यात, मूळ प्रत वाचून दाखवण्याची माझी पाळी असताना. ती माझ्याच आवाजात माझ्या कानांवर पडली होती. बाबांची तर वडिलांनी घोकून घेतलेली.

एखादं वाक्य किती हातांतून जात जात माणसापर्यंत पोहोचतं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला मार्कस ऑरेलियसच्या टिपणांत मिळालं. हा रोमचा सम्राट, राज्य इसवी सन १६१ ते १८०. ती टिपणं त्यानं ग्रीक भाषेत, स्वतःपुरती लिहिली, काही तर युद्धाच्या छावणीत. त्यात जागोजाग ‘तू’ येतो, आणि तो ‘तू’ म्हणजे तो स्वतः. पहाटे उठवत नसेल तेव्हा स्वतःला काय सांगायचं, हेसुद्धा त्यानं लिहून ठेवलं आहे : मी माणसाचं काम करायला उठतो आहे. म्हणजे विचाराला त्यानं वेळही नेमून दिली आहे, अंथरुणातली.

पण मला त्याहून भावतो तो पहिला भाग. त्यात उपदेश जवळजवळ नाहीच. कुणाकडून काय मिळालं, याची नुसती यादी आहे. आजोबांकडून हे, आईकडून हे, गुरूंकडून हे. त्यात रस्टिकस नावाच्या गुरूचे आभार मानताना तो म्हणतो की यानं मला एपिक्टेटसच्या शिकवणुकीची टिपणं आपल्या संग्रहातून वाचायला दिली. एपिक्टेटस जन्मानं गुलाम. पुढे मुक्त झाला, ग्रीसमधल्या निकोपोलिस इथे तत्त्वज्ञान शिकवू लागला. स्वतः एक ओळ लिहिली नाही. आरियन नावाचा विद्यार्थी वर्गात बसायचा. त्यानं गुरूचं बोलणं, होता होईल तो गुरूच्याच शब्दांत, स्वतःच्या आठवणीसाठी उतरवून घेतलं. त्याची आठ पुस्तकं होती, चार शिल्लक आहेत. गुलामाचं बोलणं, विद्यार्थ्याची वही, एका गुरूचं कपाट, सम्राटाचं अंथरूण.

आणि तिथे ते संपलं नाही. ९ सप्टेंबर १९६५ रोजी जेम्स स्टॉकडेल या अमेरिकन वैमानिकाचं विमान व्हिएतनाममध्ये पाडलं गेलं. हवाई छत्रीनं खाली येताना, आता आपण एपिक्टेटसच्या जगात उतरतो आहोत, असं त्यानं स्वतःशी म्हटलं. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं निरोप देताना त्याला एपिक्टेटसचं छोटं पुस्तक हातात ठेवलं होतं. सात वर्षांहून जास्त काळ तो कैदेत राहिला, त्यातली चार वर्षं एकांतकोठडीत. जवळ पुस्तक नव्हतं. पाठ होतं तेवढं होतं.

हे वाचल्यापासून मधल्या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. आरियन, रस्टिकस, तो प्राध्यापक. स्वतःचं थोर वाक्य सांगण्याचा त्यांचा आग्रह नव्हता. त्यांनी दुसऱ्याचं वाक्य नीट जपलं आणि योग्य माणसाच्या हाती दिलं. प्रुफं तपासणारी बाई याच रांगेत कुठेतरी उभी आहे, असं मला वाटतं, आणि त्या वाटण्यानं कामाच्या कंटाळवाण्या दिवशी मी ताठ बसते. (याची तारीखही तिसऱ्या रकान्यात आहे.)

व्याख्यानांच्या बाबतीत मी अनेक वर्षं चुकत होते. समोर बोलणाऱ्याचं प्रत्येक वाक्य पकडायला धावायचे, आणि लिहिण्याच्या घाईत पुढचं सुटायचं. मग मायकेल फॅरडेची हकीकत नीट वाचली. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मुलगा. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेनं ऐकताना टिपणं घेतली, पण घरी येऊन ती सगळी सविस्तर पुन्हा लिहिली, आकृत्या काढल्या, सुमारे ३०० पानं झाली ती स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी डेव्हीनं त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. नंतर त्याच संस्थेत फॅरडेनं एकूण १९ वेळा मुलांपुढे नाताळची व्याख्यानमाला दिली. मला या हकिकतीत ते घरी येऊन पुन्हा लिहिणं महत्त्वाचं वाटतं. व्याख्यान तिथे दुसऱ्यांदा झालं, आणि त्या वेळी बोलणारा फॅरडे होता.

मी आता सभागृहात वही उघडतच नाही. ऐकते. घरी पोहोचेपर्यंत जे डोक्यात उरतं ते एका माणसाला सांगते. पूर्वी बाबांना सांगायचे, त्यांना ते आवडायचं. आताही त्यांनाच सांगते.

एक व्याख्यान मात्र सांगितलंच पाहिजे. भाषाशास्त्राचे एक वृद्ध अभ्यासक उच्चारांविषयी बोलले. दीड तास, हातात कागद नाही. शेवटी एका मुलीनं उभं राहून प्रश्न विचारला. बाळ रडतं तेव्हा कोणता स्वर आधी काढतं, असं काहीसं. सर गप्प झाले. इतका वेळ गप्प राहिले की लोक चुळबुळू लागले. मग म्हणाले, “हे मला माहीत नाही.” खिशातून छोटी डायरी काढली, चष्मा बदलला आणि सगळ्यांसमोर तो प्रश्न लिहून घेतला. मुलीला विचारलं, “वाक्य असंच होतं ना तुमचं?” ती हो म्हणाली. दीड तासांत ते जे बोलले त्यातलं आज मला फार थोडं आठवतं. हे चार शब्द माझ्या वहीत १८३व्या क्रमांकावर आहेत आणि त्यांच्यापुढे सहा तारखा आहेत, सर्वांत जास्त. छापखान्यात नव्यानं आलेल्या मुलानं एखाद्या शब्दाचं रूप विचारलं आणि मला खात्री नसली की मी म्हणते, हे मला माहीत नाही, बघून सांगते. आणि बघते. सहावी तारीख बाबांची आहे. आपण परत कधी बोलू, असं त्यांनी डाव्या हातानं ओठ दाखवून विचारलं, तेव्हा मी खोटा धीर दिला नाही. म्हटलं, “मला माहीत नाही बाबा. पण उद्या परत बसू.” त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांना ते पटलं.

पुस्तकातल्या आठ वाक्यांपैकी एकाविषयी. ते खरं तर वाक्य नाही, प्रसंग आहे. व्हिक्टर फ्रँकल हे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावणीत होते. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत ते सांगतात, फाटक्या बुटांमुळे पायाला जखमा झालेल्या, गारठ्यात लंगडत कामाच्या जागी चाललो होतो. डोक्यात दिवसभराच्या क्षुल्लक काळज्या, त्यांचाच उबग आला. तेव्हा त्यांनी डोळ्यांपुढे एक चित्र आणलं. आपण उबदार, उजेडानं भरलेल्या सभागृहात उभे आहोत, समोर श्रोते मऊ आसनांवर बसून लक्ष देऊन ऐकताहेत, आणि आपण छळछावणीच्या मानसशास्त्रावर व्याख्यान देतो आहोत. सोसत होते ते सगळं क्षणभर अभ्यासाचा विषय झालं.

त्यांचं दुःख आणि माझं यांची बरोबरी मी स्वप्नातही करणार नाही. पण बाबांच्या खोलीबाहेर बाकावर काढलेल्या सातव्या की आठव्या रात्री मला हा प्रसंग आठवला. मी मनातल्या मनात एका सभागृहात उभी राहिले आणि सांगू लागले. रात्री तीन वाजता रुग्णालयात कोणकोणते आवाज येतात. परिचारिकेच्या पावलांवरून घाई कशी ओळखायची. बसून झोपताना मान कुठे टेकवायची. एकेक नीट, क्रमानं. त्या रात्री पहिल्यांदा मला घाबरल्यासारखं झालं नाही. पहाटे वही जवळ नव्हती म्हणून तारीख हातावर लिहिली.

आता माझी रीत अशी आहे. वाक्य लिहिलं की दुसऱ्या दिवशी वही मिटलेली ठेवून ते आठवून म्हणायचं. मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की निरर्थक अक्षरांचं पाठांतर एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश निसटतं. अर्थ असलेलं वाक्य जास्त टिकतं हे खरं, तरी माझ्या वहीतले ३७५ साक्षीदार आहेत. नुसतं परत वाचण्यापेक्षा न बघता आठवणं जास्त काळ टिकतं, हेही प्रयोगांनी दाखवलं आहे. माझा अनुभव तोच. वाचताना वाक्य ओळखीचं वाटतं आणि तेवढ्यावर समाधान होतं. मिटलेल्या वहीपुढे कळतं, आपल्याकडे आहे का ते.

दुसरं, प्रत्येक वाक्याला मी एक वेळ किंवा प्रसंग नेमून देते. ‘असं झालं की मी असं करीन.’ पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं अशा ‘जर-तर’ संकल्पांवर पुष्कळ काम केलं आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा असा संकल्प तडीस जाण्याची शक्यता जास्त, असं त्याला आढळलं. मार्कस ऑरेलियसनं अंथरुणात केलं तेच. महिन्याला मी आता दोनच वाक्यं घेते. निवडताना जीव तुटतो, पण दोनच.

शेवटची तारीख गेल्या गुरुवारची. वाक्य क्रमांक ९६, नऊ वर्षांपूर्वीचं. चव्वेचाळीसाव्या वर्षी मी पोहायला शिकायला गेले होते. पाण्यात तोंड घातलं की मी श्वास कोंडून हातपाय झाडायचे. शिकवणाऱ्या बाई काठावर बसून एकच गोष्ट सांगायच्या, “ताई, आधी श्वास सोडा. घ्यायचं नंतर बघू.” पोहणं आलं आणि मी वाक्य विसरले. नऊ वर्षं रकाना रिकामा.

गुरुवारी दुपारी बाबांना काहीतरी हवं होतं. आता त्यांना वीस-पंचवीस शब्द जुळवता येतात, पण वेळेवर येतील असं नाही. ते “ते… ते…” करत होते आणि मी नेहमीसारखी एकेक शब्द पुढे करत होते. पाणी? चष्मा? पेपर? दिवा? प्रत्येक शब्दाला त्यांची मान जोरात हलत होती आणि डावी मूठ टेबलावर आपटत होती. ताईंनी मला कितीदा सांगितलं आहे, त्यांच्या तोंडचा शब्द तुम्ही काढून घेऊ नका, त्यांना वेळ द्या. मला ते पटतं आणि त्या घटकेला जमत नाही. तेवढ्यात जाणवलं, मी श्वास कोंडून बसले आहे. खांदे वर, दात आवळलेले. अगदी पाण्यात असायचे तशी.

मी श्वास सोडला. सगळा. हात मांडीवर ठेवले आणि बाबांकडे बघत बसले. त्यांनीही मूठ सैल केली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. एक मिनिट गेलं असेल, कदाचित दोन. त्यांचे ओठ एकदा जुळले, उघडले, पुन्हा जुळले.

“खिडकी,” ते म्हणाले.

मी उठून खिडकी उघडली. वारा आत आला, तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग वही आणली, ९६ काढलं, तारीख घातली. झालं काय, तेही लिहायचं होतं, पण तिसरा रकाना अरुंद आहे. एक शब्द मावत होता, तो लिहिला.